ब्रेन ट्यूमर पेशंटचं रोजचं स्वावलंबन मोजणं

ब्रेन ट्यूमर झालेला माणूस रोजची कामं किती आपली आपण करतो आणि कशाला दुसऱ्याचा हात लागतो, हे ठरावीक प्रश्न विचारून आकड्यात मांडायची पद्धत. एमआरआयमध्ये गाठ केवढी ते कळतं, पण शर्टाची बटणं लावता येतात का ते दिसत नाही, म्हणून हे वेगळं मोजायला लागतं.

डॉक्टरांच्या तोंडी जास्त असतो तो कार्नोफ्स्की स्कोअर, १९४० च्या दशकातला, १०० पासून ० पर्यंत दहा-दहाच्या पायऱ्या. ७० म्हणजे स्वतःचं स्वतः बघतो पण कामधंदा जमत नाही, ६० म्हणजे अधूनमधून मदत लागते. ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे मेंदूतल्या झपाट्यानं वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीत, ट्रीटमेंट किती जोराची द्यायची हे ठरवताना ७० च्या वर का खाली हे बऱ्याचदा बघितलं जातं.

बार्थेल इंडेक्स १९६५ चा. जेवण, अंघोळ, दाढी-केस, कपडे, शौच आणि लघवीवर ताबा, टॉयलेट, पलंगावरनं खुर्चीत बसणं, चालणं, जिने अशा १० गोष्टी, एकूण १०० मार्क. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात तरुण आणि लहान पेशंटवर रेडिएशनच्या आधी-नंतर याचाच सुधारलेला प्रकार वापरून अभ्यास झालाय.

यात नियम एकच आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो: माणूस काय करू शकेल ते लिहायचं नाही, खरंच काय करतो ते लिहायचं. कोल्हापुरातल्या ओपीडीत प्रश्न पेशंटला विचारला तरी उत्तर पोरगा देतो, "समदं आपलं आपण करत्यात की", आणि जरा खोदून विचारलं की कळतं बादली सून भरून ठेवते, पाठ बायको घासते, सदऱ्याची डावी बाही कुणीतरी चढवून देतं. मेंदूच्या उजव्या पॅरायटल भागात (डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला) गाठ असली तर डाव्या अंगाचं भानच राहत नाही, तिथं ही बाहीच खरी माहिती देते. शिवाय पलंग-खुर्चीचा प्रश्न विचारून आपल्याकडं भागत नाही, जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्याला उठता येतं का, भारतीय संडासात बसता येतं का हेही विचारायलाच पाहिजे, कारण बरेच दिवस स्टेरॉइड चालू असलं की मांड्यांची ताकद जाते आणि आधी हेच अडतं.

बार्थेलची मोठी उणीव म्हणजे त्यात डोक्याचं काम नाही. समजा कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाईकासमोर धार काढून दूध विकतात, तिथं म्हशी घेऊन येणारा माणूस आहे, फ्रंटल लोबमध्ये (मेंदूच्या कपाळामागच्या भागात) गाठ, धार काढतो, चालतो, जेवतो, मार्क १०० पैकी १००, पण कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले ते ध्यानात राहत नाही आणि फिटची गोळी दोनदा घेतो. हे पकडायला लॉटन-ब्रॉडी स्केल आहे, १९६९ चं, त्यात फोन, बाजार, स्वयंपाक, प्रवास, औषधं, पैशाचा व्यवहार अशा आठ गोष्टी. माझ्या मते ब्रेन ट्यूमरमध्ये हे बार्थेलच्या जोडीनं भरलंच पाहिजे, नाहीतर घरच्यांची निम्मी ओढाताण कागदावर येतच नाही. फक्त कधीच स्वयंपाक न केलेल्या पुरुषाला त्यात शून्य देऊ नये, आजाराआधी काय करत होता ते आधी विचारावं.

वेळही बघावी लागते. फिट येऊन गेल्यावर हात-पाय काही तास लुळे पडू शकतात, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केल्यावर मेंदूची सूज उतरून दोन-चार दिवसांतच माणूस हिंडायला लागतो, त्यामुळं स्कोअरशेजारी तारीख, स्टेरॉइडचा डोस, शेवटची फिट कधी आली आणि उत्तरं कुणी दिली एवढं लिहून ठेवतात.