ऑक्सिजन दोन टक्के, तरी ज्वाला बिघडलेली: भट्टीतला रेशो आणि मिक्सिंग

काचेच्या भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये एक वाक्य कायम कानावर पडतं: "सीओ वाढलाय, हवा वाढव." कधी ते बरोबर असतं, पण बऱ्याचदा नसतं. नसतं तेव्हा गॅसचं बिल वाढतं आणि चिमणीतून जाणारा नॉक्सही (नायट्रोजनचे ऑक्साइड) वाढतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड, म्हणजेच सीओ, येण्याची कारणं दोन आहेत. इंधनाच्या मानाने हवा कमी पडली तर तो येतोच. पण हवा पुरेशी असून ती इंधनाला वेळेत भेटली नाही, तरीही तो येतो. पहिला प्रश्न रेशोचा आहे, दुसरा मिक्सिंगचा. आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे आहेत. आणि रिजनरेटिव्ह भट्टीत, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराने विटा तापवून त्यांतूनच हवा आत आणणाऱ्या भट्टीत, तर हे दोन उपाय पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध जातात.

रेशो म्हणजे सरळ हिशेब. एक घनमीटर मिथेन पूर्ण जळायला साधारण साडेनऊ घनमीटर हवा लागते. त्यावर १० टक्के जास्त हवा दिली तर कोरड्या धुरात २ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरतो. ५ टक्के जास्त दिली तर एक टक्क्याच्या जवळपास. गॅसचा फ्लोमीटर, पंख्याच्या हवेचा फ्लोमीटर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनिया प्रोब, या तिघांवर रेशो बसवता येतो. मात्र हा आकडा सगळ्या भट्टीची सरासरी सांगतो. भट्टीच्या पोटात कुठे काय चाललंय, हे त्याला ठाऊक नसतं.

मिक्सिंग म्हणजे ती हवा त्या गॅसला कुठे भेटते आणि किती वेगाने भेटते. घरच्या शेगडीत गॅस आणि हवा बर्नरच्या तोंडाशी येण्याआधीच थोडी मिसळलेली असतात. काचेच्या भट्टीत तसं करताच येत नाही. चेकरमधून, म्हणजे धुराने तापलेल्या विटांच्या जाळीदार रचनेतून, वर येणारी हवा १२०० ते १३०० अंश सेल्सिअसची असते आणि नैसर्गिक वायू ६०० अंशांच्या आतच आपोआप पेट घेतो. स्पर्श झाला की आग. म्हणून दोघांना वेगवेगळ्या वाटेने भट्टीत आणायचं आणि आतच भेटवायचं, एवढाच मार्ग उरतो. हवा पोर्टच्या, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या वाटेच्या, रुंद तोंडातून येते, गॅस बहुतेक ठिकाणी पोर्टखालच्या बर्नरमधून. तापून जवळजवळ पाचपट फुगलेली हवा सेकंदाला दहा-एक मीटरच्या संथ वेगाने पसरत येते आणि गॅसची झोत तिला खालून छेदते. ज्वालेचा आकार या दोघांच्या जोरावर, कोनांवर आणि पोर्टच्या बांधणीवर ठरतो.

ही विभागणी फार जुनी आहे. फ्रीडरिश सीमेन्सने १८५६ मध्ये रिजनरेटिव्ह भट्टीचं पेटंट घेतलं आणि १८६२ मध्ये मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधलं आपलं शेवटचं शुक्रवारचं व्याख्यान याच भट्टीवर दिलं. त्या भट्टीत कोळशापासून केलेला प्रोड्यूसर गॅस आणि हवा दोन्ही आपापल्या चेकरमधून तापवून आणत. किती हवा आणि किती गॅस, हे डॅम्परने (वाट कमी-जास्त उघडणाऱ्या झडपेने) ठरे. दोन्ही कसे मिसळतील, ते मात्र गवंड्याने बांधलेल्या पोर्टच्या उतारात आणि रुंदीत कायमचं ठरून जाई. आज नैसर्गिक वायू तापवून आणत नाहीत, कारण तो फुटून काजळी धरते. पण त्या जुन्या गोष्टीतला मोठा भाग अजून तसाच आहे: रेशो खोलीत बसून बदलता येतो, मिक्सिंगसाठी भट्टीपाशी जावं लागतं.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा एंड-पोर्ट भट्टी आहे, म्हणजे हवा येण्याचा आणि धूर जाण्याचा पोर्ट एकाच भिंतीत शेजारी-शेजारी. डावीकडून फायरिंग चालू असताना ऑक्सिजन २ टक्के, सीओ २०० पीपीएम. वीस मिनिटांनी रिव्हर्सल होतं, म्हणजे हवेची आणि धुराची बाजू पालटते, आणि उजवीकडून फायरिंग सुरू होतं. ऑक्सिजन पुन्हा २ टक्के, सीओ मात्र २००० पीपीएम. गॅस तेवढाच, पंख्याची हवा तेवढीच, दोन्ही प्रोब तपासलेले. म्हणजे रेशोत फरक नाही. फरक आहे तो उजव्या बाजूच्या भेटीत. अशा वेळी कोबाल्टची निळी काच डोळ्यांसमोर धरून पीपहोलमधून पाहावं. उजव्या ज्वालेचं शेपूट समोरच्या भिंतीकडे वळून थेट बाहेर जाणाऱ्या पोर्टमध्ये शिरताना दिसेल, किंवा एका बर्नरची ज्वाला शेजारच्यापेक्षा लांब आणि मळकट पिवळी दिसेल. कारणं सहसा साधी असतात: नोझलचं टोक झिजलेलं, बर्नरचा कोन एखाद्या अंशाने खाली उतरलेला, पोर्टचा तळ खचलेला, नाहीतर चेकरच्या काही खणांत सल्फेट साचून हवा एका अंगाने जास्त येणारी.

इथे ऑक्सिजनचा सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा) वाढवून हवा दिली तर सीओ उतरतो, हे खरं. म्हणून तर ती सवय टिकून आहे. पण ती जादा हवा १५०० अंशांच्या पुढे तापवण्याचा खर्च प्रत्येक तासाला होत राहतो. शिवाय ज्वालेच्या अतितप्त भागात जास्तीचा ऑक्सिजन मिळाल्यावर हवेतला नायट्रोजन जळून थर्मल नॉक्स झपाट्याने वाढतो. आणि जिथे काहीच बिघडलेलं नव्हतं त्या डाव्या बाजूलाही तीच हवा विनाकारण जाते. हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं, कारण नोझल बदलण्याचं काम अनेक ठिकाणी चालू भट्टीवर, एका रिव्हर्सलच्या अवधीत होऊ शकतं.

उलट दोन्ही बाजूंना ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या खाली आणि सीओ चढलेला असेल, तर मिक्सिंगच्या मागे लागू नये. तिथे खरंच हवा कमी आहे. ती द्यावी.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे गळतीची हवा. भट्टीतला दाब थोडासाही कमी झाला की डॉगहाउस (कच्चा माल आत टाकण्याचं तोंड), पीपहोल, बर्नर ब्लॉकच्या फटी आणि चेकरच्या भिंतींतल्या भेगा यांतून थंड हवा आत खेचली जाते. ज्वाला संपल्यावर, बाहेर जाण्याच्या वाटेवर शिरलेली हवा इंधनाला कधी भेटतच नाही. प्रोब मात्र तिलाही मोजतो. मग ऑक्सिजन ३ टक्के आणि सीओही भरपूर, असं चित्र दिसतं: हिशेबात हवा जास्त, ज्वालेत हवा कमी. त्यात कोणी आकडा पाहून पंखा कमी केला की ज्वाला आणखी उपाशी राहते. म्हणून ऑक्सिजन चेकरच्या माथ्यावर, धूर भट्टीतून निघतो तिथेच मोजावा. चेकरच्या तळाशी किंवा चिमणीपाशी मोजला तर त्यात चेंबरच्या भेगांचाही हिशेब मिसळतो.

क्रॉस-फायर्ड भट्टीत, म्हणजे फ्लोट काचेच्या लांब भट्टीत, प्रत्येक बाजूला सहा-सात पोर्ट ओळीने असतात. गॅस पोर्टनिहाय वेगळा सोडता येतो. हवा मात्र पुष्कळ ठिकाणी एकाच मोठ्या चेंबरमधून येते आणि चेकर जशी वाट देतील तशी वाटली जाते. सरासरी २ टक्के दाखवणाऱ्या भट्टीत एक पोर्ट अर्ध्या टक्क्यावर आणि दुसरा ४ टक्क्यांवर असू शकतो. हा प्रश्न रेशोचा की मिक्सिंगचा, यावर लोक वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे: तो रेशोचाच आहे, फक्त पोर्टनिहाय. एका पोर्टची उरलेली हवा शेजारच्या पोर्टच्या गॅसला मदत करायला वेळेत पोचत नाही, तेव्हा नोझल फिरवून काही साधणार नाही. प्रत्येक पोर्टच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजून त्या त्या पोर्टचा गॅस जुळवायला हवा.

दोघांमधला खरा फरक उद्दिष्टाचा आहे. रेशो जितका नेमका आणि जितका काठावर, तितका चांगला. मिक्सिंगचं तसं नाही. ते जितकं जास्त तितकं चांगलं, हा समज काचेच्या भट्टीत नुकसान करतो. हवा आणि गॅस पटकन मिसळले तर ज्वाला आखूड, निळसर आणि एका जागी प्रचंड तापलेली होते. नॉक्स वाढतो, पोर्टच्या जवळच्या विटा सोसतात आणि पुढच्या काचेला उष्णता पोचत नाही. मिक्सिंग सावकाश झालं तर झोतीच्या गाभ्यातला गॅस ऑक्सिजनविना तापून फुटतो, त्यातून काजळीचे सूक्ष्म कण होतात आणि तेच कण तापून ज्वालेला उजळ पिवळी करतात. काचेवर उष्णतेचा मारा मुख्यतः प्रारणाने होतो, आणि ही उजळ ज्वाला तो मारा लांबवर पसरवते. पण फार सावकाश झालं तर जळणं भट्टीत संपतच नाही. ते बाहेरच्या पोर्टमध्ये आणि चेकरच्या माथ्यावर सुरू राहतं. विटा तापतात आणि काचेवरचं वातावरण बिघडतं. म्हणून ज्वाला काचेला समांतर, लांब, क्राउनला (भट्टीच्या छताला) न चाटणारी आणि बाहेरच्या पोर्टआधी संपणारी हवी.

शिवाय रेशो स्थिर असतानाही मिक्सिंग एका फेरीत, म्हणजे एका रिव्हर्सलपासून पुढच्यापर्यंत, सरकत राहतं. रिव्हर्सलनंतर लगेच चेकर सगळ्यात तापलेले असतात. वीस मिनिटांत हवेचं तापमान बऱ्याच अंशांनी उतरतं. पंख्याने दिलेली हवा वजनाने तेवढीच असते, पण तिचं आकारमान आणि पोर्टमधला वेग कमी होतो. गॅसची झोत तशीच राहते. फेरीच्या सुरुवातीची आणि शेवटची ज्वाला त्यामुळे हुबेहूब सारखी नसते, आणि सीओ फेरीच्या कोणत्या मिनिटाला घेतला हे न लिहिलेली नोंद फारशी उपयोगाची नाही.

पोलाद तापवण्याच्या भट्टीतले रिजनरेटिव्ह बर्नर हा थोडा वेगळा प्रकार. तिथे सिरॅमिकच्या गोळ्यांचे छोटे बेड मिनिटाच्या आसपास पालटतात. काहींत हवा आणि गॅस मुद्दाम दूरवरून वेगाने सोडतात, म्हणजे भेटण्याआधी दोन्हींत जळालेला धूर मिसळतो. भट्टी साडेआठशे अंशांच्या वर असली की ज्वाला डोळ्यांना दिसतही नाही, तरी जळणं पूर्ण होतं आणि नॉक्स कमी राहतो. रेशो तोच, बदललं ते फक्त मिक्सिंग.

काचेच्या भट्टीत काम हाती घ्यायचं तर आधी दाब सावरावा आणि फटी बुजवाव्यात, म्हणजे प्रोबचा आकडा खरा होतो. मग रेशो बसवावा. नोझलला त्यानंतरच हात लावावा: एका वेळी एक बर्नर, एक बदल. चेकर आणि क्राउन सावकाश तापतात, सावकाश निवतात, म्हणून बदलाचा निकाल पुढच्याच फेरीत लावू नये. पाळी संपेपर्यंत थांबावं आणि दोन्ही बाजूंचे ऑक्सिजन-सीओ प्रत्येक फेरीच्या त्याच मिनिटाला लिहून ठेवावेत.