ग्लुलॅम आणि सीएलटी : एक तुळई, दुसरा स्लॅब

मागच्या मे महिन्यात गोव्यात डिचोलीला मामाच्या घराचं छप्पर उतरवलं. कौलं खाली आल्यावर वासे बघितले तर मधला भाग अजून ठणठणीत, माटीचं लाकूड ना ते, घाटावर ज्याला ऐन म्हणतात, पण भिंतीत टेकलेली टोकं वाळवीने आतून पार पोकळ केलेली. आता तसलं सरळ, लांब लाकूड मिळायचं कुठून आणि मिळालं तरी परवडायचं कसं, म्हणून मामेभावाने "लॅमिनेटेड वूड"ची दोन कोटेशन आणली. एकात ग्लुलॅम, म्हणजे ग्लूड लॅमिनेटेड टिंबर, लिहिलेलं, दुसऱ्यात सीएलटी, म्हणजे क्रॉस लॅमिनेटेड टिंबर. तो म्हणाला दोन्ही एकच रे, फळ्या चिकटवलेल्या, स्वस्त पडेल ते घेऊया. मी सिव्हिलवाला, मला तिथेच थांबवावं लागलं त्याला, कारण हे दोन्ही एक नव्हेत आणि ही गल्लत आढ्यावर नेऊन बसवायची नसते.

फरक सगळा फळ्यांच्या दिशेत आहे. ग्लुलॅममध्ये एकावर एक चिकटवलेल्या सगळ्या फळ्यांचे तंतू एकाच दिशेने, लांबीच्या दिशेने जातात. लहान फळ्या टोकाला बोटांत बोटं अडकवल्यासारख्या जोडून, म्हणजे फिंगर जॉइंट करून, लांब करतात, मग थर रचून दाबतात. सीएलटीमध्ये पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा परत उभा, असे तीन, पाच, सात थर काटकोनात. म्हणून ग्लुलॅम म्हणजे तुळई, खांब, वासा, लाकूड ज्या दिशेने ताकदवान असतं ती सगळी ताकद एका रेषेत घातलेली. सीएलटी म्हणजे स्लॅब किंवा भिंत, दोन्ही दिशांनी भार घेणारी रुंद पाटी, तीनेक मीटर रुंद आणि सोळा मीटरपर्यंत लांब सुद्धा येते. एका अर्थाने सीएलटी हा प्लायवूडचा थोरला भाऊ. सीएलटीची पट्टी कापून तुळई म्हणून लावली तर आडव्या थरांचं लाकूड त्या लांबीच्या दिशेत जवळजवळ काहीच काम करत नाही, पैसे मात्र त्याचेही मोजलेले असतात.

वयातही अंतर आहे. ग्लुलॅमचं पेटंट जर्मनीतल्या वायमारच्या ऑटो हेट्झरने १९०६ मध्ये घेतलं. सीएलटी १९९० च्या दशकात ऑस्ट्रियात आकाराला आलं, ग्राझच्या गेरहार्ड शिकहोफर यांचं त्यात मोठं काम. नॉर्वेतली म्योस्टॉर्नेट ही ८५.४ मीटर उंचीची, १८ मजली इमारत २०१९ मध्ये पुरी झाली, तिच्यात खांब, तुळया आणि तिरक्या कैच्या ग्लुलॅमच्या, आणि लिफ्ट-जिन्याच्या भिंती सीएलटीच्या. हे उदाहरण मला आवडतं कारण एकाच घरात दोघांना आपापलं काम दिलंय.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, पाऊस आणि दमट हवा. कारखान्यातून लाकूड साधारण १२ टक्के ओलावा घेऊन बाहेर पडतं. गोव्यात जुलैत उघड्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, तेच लाकूड नुसत्या हवेतून १८ टक्क्यांपर्यंत ओढतं, आणि त्याच बंगल्यातल्या एसी खोलीत ते १० च्या आसपास सुकतं. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडवं फुगतं, ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला साधारण पाव टक्का. हिशोब करून बघा, ६ मीटर लांब, ४५० मिमी उंच ग्लुलॅम तुळई १२ वरून १८ वर गेली तर उंचीत सहा-सात मिमी वाढते आणि पूर्ण सहा मीटर लांबीत फक्त तीन-चार मिमी. मग कुणी त्या तुळईच्या टोकाला उंच लोखंडी प्लेट लावून वर-खाली घट्ट बोल्ट मारले की पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, बोल्ट सोडत नाहीत, आणि तुळई तंतूच्या रेषेत लांबीने चिरते. ग्राहक म्हणतो गोंद सुटला. गोंद बहुतेक वेळा जागेवरच असतो, चूक जोडाची असते. बोल्ट एकमेकांजवळ ठेवायचे किंवा भोकं लांबट ठेवायची, एवढं साधं आहे ते.

सीएलटीचं उलट. आडवे थर उभ्या थरांना फुगू देत नाहीत म्हणून पाटी लांबी-रुंदीत फार हलत नाही, जाडीत तेवढी हलते. पण तिच्या चारही कडांना कुठल्या ना कुठल्या थराची कापलेली टोकं उघडी असतात आणि कापलेलं टोक पाणी पितं, एकदा आत शिरलेलं पाणी थरांमध्ये बसून राहतं. मी स्वतः किनाऱ्याकडच्या एका साइटवर बघितलंय, जूनच्या पहिल्या पावसात ताडपत्री नीट न घातलेल्या पाट्या, गणपतीपर्यंत कडा काळ्या पडलेल्या. युरोपात सीएलटी फक्त कोरड्या किंवा छपराखालच्या जागेसाठीच मान्य आहे, थेट पावसात नाही. ग्लुलॅम योग्य गोंद आणि ट्रीटमेंट असेल तर बाहेर चालतं, तरी मी म्हणेन टोकांवर पत्र्याची टोपी घालाच.

वाळवीचं लोक हमखास विचारतात, गोंद असतो ना, मग लागेल कशी? लागते. फळीच्या मधलं लाकूड तर तसंच असतं ना, आणि ह्या फळ्या बहुतेक स्प्रूसच्या, स्प्रूस म्हणजे थंड देशातलं मऊ लाकूड, माटीसारखं चिवट नव्हे. त्यात स्प्रूस औषध आत घेतच नाही नीट. न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन छान घेतो, म्हणून आपल्याकडे मी प्रेशर ट्रीटमेंट केलेला, म्हणजे दाबाने औषध आत भरलेला, पाइन मागतो. आणि साइटवर मेस्ताने, म्हणजे सुताराने, टोक कापलं की ते कापलेलं टोक परत औषधाने रंगवून घ्यायचं, हे त्याच्या बाजूला उभं राहून करून घ्या, कारण मामाच्या वाशांची टोकंच गेली होती.

आगीबद्दल थोडक्यात. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं, मिनिटाला साधारण ०.७ मिमी, म्हणजे अर्ध्या तासात एका बाजूने दोनेक सेंटीमीटर, आत लाकूड शाबूत. ग्लुलॅममध्ये हे सरळ चालतं. सीएलटीमध्ये काही गोंद तापले की कोळशाचा थरच खाली गळतो आणि ताजं लाकूड आगीपुढे येतं, म्हणून तिथे गोंद कुठला हे विचारायला लाजू नका.

दुकानात अजून एक घोळ होतो. "मरीन आहे, आयएस ७१० आहे" असं सांगतात, तो शिक्का प्लायवूडचा, तुळईच्या ताकदीबद्दल तो काही सांगत नाही. रबरवूडच्या फिंगर जॉइंट पाट्या मिळतात त्याही फर्निचरच्या, टेबलासाठी उत्तम, छपराखाली नको. खऱ्या ग्लुलॅमवर ताकदीचा वर्ग असतो, जीएल २४ एच असा काहीतरी, त्यातले २४ म्हणजे वाकताना दर चौरस मिमीला २४ न्यूटन. अमेरिकेच्या काही तुळयांवर "टॉप" असा छाप असतो, तो भाग वरच ठेवायचा, कारण खालच्या बाजूला मुद्दाम जास्त चांगल्या फळ्या घातलेल्या असतात.

मामाकडे शेवटी आढं आणि मुख्य वासे ग्लुलॅमचे केले, वरच्या रिपा साध्या ट्रीटेड पाइनच्या, कौलं जुनीच धुऊन परत चढवली. सीएलटीला त्या घरात जागाच नव्हती, उतरतं कौलारू छप्पर म्हणजे काड्यांचं काम, पाटीचं नाही. वाशांची टोकं आता चिऱ्याच्या भिंतीत पुरलेली नाहीत, लोखंडी बुटात बसवलीत, चारही बाजूंनी हवा खेळते आणि बॅटरी मारली की टोक दिसतं.