सरंगा नेमका कोण?

हर्णै बंदरात संध्याकाळी लिलाव सुरू झाला की टोपलीत कोणता मासा आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही. मासा समोरच असतो. भानगड होते ती त्याचं नाव संगणकात शिरल्यावर.

गेल्या पावसाळ्यात, होड्या शाकारून ठेवलेल्या असताना, दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या चार वर्षांच्या एक्सेल फायली मी डेटाबेसमध्ये घ्यायला बसलो. ‘मासा’ या रकान्यात पापलेट, पॉपलेट, सरंगा, हलवा आणि एके ठिकाणी नुसतंच ‘पा.’ शुद्धलेखन सुधारता येतं हो, पण सरंग्याचं काय करायचं? मुंबईच्या बाजारात मोठ्या पापलेटला सरंगा म्हणतात. मालवणात सरंगा मागवला की ताटात हलवा येतो. हे दोघे एका घरचेही नाहीत: पापलेट म्हणजे पॅम्पस अर्जेंटियस, तर हलवा म्हणजे पॅरास्ट्रोमॅटियस नायजर, त्याचं कूळच वेगळं. सोसायटीत आधीचा कारकून मुंबईकडचा, नंतरचा मालवणचा. दोघंही बरोबर, आणि म्हणूनच रकाना चूक.

यावरचा उतारा जुना आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धत मांडली. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि एका तक्त्यातून दुसऱ्याकडे बोट दाखवायचं ते किल्लीने, म्हणजे ओळखीच्या क्रमांकाने. आम्ही माशांचा वेगळा तक्ता केला. एका जातीला एक क्रमांक, शेजारी शास्त्रीय नाव. बोलीतली नावं आणखी एका तक्त्यात, कुठल्या भागातली ते लिहून. लिलावाच्या नोंदीत फक्त क्रमांक. त्यावर फॉरेन की, म्हणजे ‘हा क्रमांक माशांच्या तक्त्यात असलाच पाहिजे’ अशी अट लावली की यादीत नसलेला क्रमांक डेटाबेस स्वतःच परत पाठवतो, कारकून कितीही घाईत असो. जुने सरंगे मी त्या दिवशीच्या दरावरून वेगळे केले, कारण पापलेट हलव्यापेक्षा महाग. जिथे दरही काही सांगेना तिथे ‘अनिश्चित’ असं लिहिलं.

तक्त्यांना आणि रकान्यांना नावं देतानाही एकच रीत पाळावी. मी इंग्रजी नावं सगळी स्मॉल अक्षरांत ठेवतो, शब्दांमध्ये अंडरस्कोर. ही हौस नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये तक्त्याच्या नावातला कॅपिटल-स्मॉल फरक विंडोजवर सहसा चालून जातो, लिनक्सवर मात्र तेच नाव वेगळं ठरतं. लॅपटॉपवर गुण्यागोविंदाने चाललेला प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवला की ‘असा तक्ताच नाही’ म्हणतो. आणि वजनाच्या रकान्याला नुसतं ‘वजन’ म्हणू नये, ‘वजन_किलो’ म्हणावं. नाहीतर कुणीतरी त्यात टोपल्या मोजून ठेवतो.

मराठीची आपली एक खास खोच आहे. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बोटी शोधल्या तर निम्म्याच सापडल्या. बाकीच्या डोळ्यांसमोर होत्या, तरी सापडेनात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना अंक देण्याच्या पद्धतीत, ‘ऱ’ एका सांकेतिक अंकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ला खाली नुक्ता (टिंब) जोडून दोन अंकांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाने अक्षर न बघता अंकच ताडून पाहिले तर ‘मिऱ्या’ नावाची दोन गावं होतात. उपाय युनिकोडनेच दिलाय: साठवण्याआधी नॉर्मलायझेशन करून एकच रूप ठेवायचं. ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक टाकून लिहिलेला ऱ्य मात्र त्यातूनही निसटतो. तो बदलायला मला वेगळा नियम लिहावा लागला.

तारखेचं थोडक्यात: ०५/०६ म्हणजे मे की जून, हा वाद नको. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं रिकाम्या रकान्याने. वजन लिहिलेलं नाही, म्हणजे बोट गेलीच नाही? गेली आणि जाळं रिकामं आलं? की कारकून विसरला? एका बोटीच्या तीन नोंदी घ्या: ४० किलो, शून्य आणि रिकामा रकाना. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, रिकाम्याला नल म्हणतात, आणि सरासरी काढताना तो मोजला जात नाही, म्हणून उत्तर २० येतं. त्याच जागी कुणी शून्य भरलं तर १३.३. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारलं तर म्हणाला, त्या दिवशी वारा होता, बोट बंदरातच होती. म्हणजे ती फेरीच नव्हती. मग ‘फेरी_स्थिती’ असा एक रकाना वाढवला, आणि तो रिकामा ठेवायला डेटाबेसला मनाई केली.