रोज संध्याकाळी सातचा फोन

एप्रिल २०२१मध्ये कोरोनामुळे राज्य सरकारने दहावीची परीक्षा रद्द केली, त्या संध्याकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. वर्षभर रोज सातला मीच त्याला फोन करत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने केला. आधी नुसत्याच कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग म्हणाला, "मावशी, परीक्षाच झाली नाही, तर मी दहावी पास झालो असं म्हणायचं का?" मला उत्तर सुचलं नाही. वीस मिनिटं बोललो, आणि त्यातला निम्मा वेळ तो भूमितीच्या वहीबद्दल सांगत होता. समास आखून, आकृत्या नीट काढून पूर्ण केलेली वही, जी आता कुणी तपासणार नव्हतं.

त्या काळात असं अस्वस्थ होणारा तो एकटा नव्हता. जगभरातल्या २९ अभ्यासांतली, एकूण ८०,८७९ मुलांची माहिती एकत्र करून २०२१मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. साधारण चारातल्या एका मुलात नैराश्याची आणि पाचातल्या एकात चिंतेची लक्षणं काळजी वाटावी इतकी आढळली. महासाथीआधीच्या अंदाजांच्या हे जवळपास दुप्पट होतं. किशोरवयात मूल घराबाहेर, मित्रांत आपली जागा शोधायला लागतं. नेमक्या त्याच वयात दोन खोल्यांत कोंडून घ्यावं लागलं, तेही नोकरीच्या आणि आजारपणाच्या धास्तीत असलेल्या आईवडिलांबरोबर.

अशा वेळी फोनवरच्या आवाजाने काय साधतं? विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांचा २०१०चा प्रयोग मला फार बोलका वाटतो. सात ते बारा वर्षांच्या ६१ मुलींना त्यांनी अनोळखी लोकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं. सगळ्यांचंच कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात स्रवणारं संप्रेरक, वाढलं. मग काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फक्त फोनवर बोलली, आणि उरलेल्यांना एक साधा व्हिडिओ दाखवला. फोनवर आईचा आवाज ऐकलेल्या मुलींमध्ये ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, जवळजवळ आई भेटलेल्या मुलींइतकंच वाढलं आणि कॉर्टिसॉल उतरलं. दोन वर्षांनी त्यांनी आईला मुलीशी फक्त मेसेजवर बोलू दिलं, तेव्हा मात्र तो परिणाम दिसला नाही. प्रयोग लहान, फक्त मुलींवरचा, आणि आवाज आईचा. मावशीच्या आवाजाने तेच होतं, असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण 'जेवलास का?' असं टाइप करणं आणि ते विचारणं यांत फरक आहे, हे मला त्यानंतर पटलं.

घरच्या माणसाऐवजी परक्याचा आवाज असेल तर? याचं उत्तर इटलीतून आलं. २०२०च्या वसंतात तिथल्या शाळा बंद होत्या. मिकेला कार्लाना आणि एलियाना ला फेरारा या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांची गाठ सहावी ते आठवीच्या, अभ्यासात मागे पडत चाललेल्या मुलांशी घालून दिली. आठवड्याला साधारण तीन तास, ऑनलाइन, एका मुलाला एक ताई किंवा दादा. कुणाला शिक्षक मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं, म्हणून तुलना चोख झाली. ज्यांना मिळाला त्यांचे गुण वाढलेच, शिवाय त्यांचं मनही जास्त सावरलेलं दिसलं, विशेषतः स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचं.

इथे मला थांबावंसं वाटतं. समुपदेशन हा त्या कार्यक्रमाचा विषयच नव्हता. शिकवायचं होतं गणित, इटालियन, इंग्रजी. चौदा वर्षांच्या पोराला समोर बसवून 'मन मोकळं कर' म्हटलं की ते गप्प होतं. त्याच्याबरोबर एखादं गणित सोडवायला बसलं की त्याच ओघात ते बोलायला लागतं. भूमितीची वही मला तेव्हाच उमगली.

इंटरनेट नसलं तरी अडत नाही. ग्रामीण बांगलादेशात विद्यापीठातल्या स्वयंसेवकांनी १३ आठवडे साध्या मोबाइलवरून मुलांना आणि त्यांच्या आयांना मदत केली, तिथेही मुलांची प्रगती ठळक दिसली. आपल्याकडे सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, पालघरच्या दांडवळमध्ये लाऊडस्पीकरवर शाळा भरली.

पण उत्साहाच्या भरात सुरू करून मध्येच सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था मुलांना मोठ्या दादा-ताईशी जोडून देते. तिथल्या सुमारे ११०० मुलांवरच्या, २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या नात्यांतून मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांत मुलांचा स्वतःबद्दलचा आदर उलट घसरला. म्हणून आठवड्यातून एकच दिवस जमत असेल तर एकच सांगावा, पण तो चुकवू नये. आणि मूल जगणं नको झाल्याचं बोललं, तर ते गुपित ठेवू नये. घरच्यांना सांगावं आणि 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर लगेच बोलावं.

भाचा अकरावीत रुळल्यावर मी रोजचा फोन रविवारवर आणायचं ठरवलं. महिनाभर आधी त्याला सांगितलं. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग विचारलं, "सातलाच ना?"