पुरानंतरचं भेव : पार्श्वभूमी

पूर पाहिलेलं लेकरू रात्री दचकून उठलं, की वऱ्हाडात ‘भेव भरलं’ म्हणतात. शासकीय कागदांत त्याचा ‘मानसिक आघात’ होतो. पहिला शब्द उतरणाऱ्या गोष्टीचा, दुसरा आजाराचा. बरेच घोळ तिथूनच सुरू होतात.

30 जुलै 1991 ला वर्धा नदी नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडात शिरली, 204 माणसं गेली. पंचनाम्यात घर, गुरं, धान्य येतं. लेकराच्या झोपेला रकाना नसतो. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मनाच्या जखमेची चर्चा राज्यात वाढली.

खरा वाद ‘बोलतं करण्या’चा. 1983 मध्ये परदेशात अग्निशामक आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत निघाली : दोन-तीन दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि घडलेलं क्रमाने वदवून घ्यायचं. पुढे ती आपद्ग्रस्तांवर, लेकरांवरही वापरली गेली. 2002 च्या संशोधन-आढाव्यात अशा एकाच बैठकीने पुढचा त्रास टळत नसल्याचं दिसलं. गोल बसवण्यात आणखी एक धोका आहे. ज्याने फक्त गुडघाभर पाणी पाहिलं, ते लेकरू शेजारच्याची वाहून गेलेली आजी ऐकून दुप्पट भेव घरी नेतं. 2011 पासूनची मानसिक प्रथमोपचाराची रीत साधी आहे : पाहा, ऐका, मदतीशी जोडा. सांगावंसं वाटलं तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. तरी दुसऱ्याच दिवशी ‘पुराचं चित्र काढा’ म्हणणारे अजून येतातच.

दुसरा घोळ किती दिवस थांबायचं याचा. पहिल्या चार आठवड्यांत अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, आईचा पदर न सोडणं हे बहुतेकदा आपोआप ओसरतं. तेवढ्यात शिक्का मारू नये, झोपेची गोळीही देऊ नये. महिन्यानंतरही नाला ओलांडायला लेकरू तयार नसेल, तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठायचा किंवा ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावायचा. तो फुकट आहे.

ऑगस्ट 2020 मध्ये गोसेखुर्द धरणाच्या विसर्गाने वैनगंगाकाठ बुडाला, जुलै 2022 मध्ये वर्धा नदीकाठ. अशा वेळी निवारा बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत उघडतो, म्हणजे शाळा बंद. लेकराला सावरणारी घंटा, परिपाठ, खिचडी एकदम थांबते. एक वर्गखोली मोकळी ठेवून रोज दोन तास घेतले तरी दिवसाला आकार येतो. दहावीतला पोरगा मात्र या कशातच मोजला जात नाही. तो रडत नाही, गाळ उपसतो, घरच्यांवर खेकसतो आणि पहाटेपर्यंत मोबाईलवर धरणाचे किती दरवाजे उघडले ते पाहत बसतो.