पायलीखालचा दिवा अन् मोहाची पहाट

ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेसाठी यंदा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पोट्ट्या-पोट्ट्यांनी "तुम्ही जगाचा प्रकाश आहात" हे येशूचं वचन विषय म्हणून घेतलंय. परवा गाण्याची प्रॅक्टिस चालू होती तर एकीनं विचारलं, काका, हे वचन आपल्या इकडे आलं कसं, यवतमाळकडच्या एवढ्याशा गावात कोणी आणलं? मी पटकन म्हटलं मिशनरी लोकांनी. पण रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर वाटलं की हे उत्तर अर्धंच आहे, म्हणून जेवढं माहीत आहे तेवढं नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट म्हणजे हे वचन येशूनं मंदिरात किंवा सभागृहात बोललेलं नाही, डोंगरावर उघड्यावर बोललेलं आहे, अन् ऐकणारे गालीलातले मासे धरणारे, कास्तकार, मजुरी करणारे लोक होते. बायबलात येशूची गोष्ट सांगणारी जी शुभवर्तमानं आहेत त्यातल्या मत्तयाच्या 5व्या अध्यायात दिवा येतो, 6व्यात आकाशातली पाखरं अन् रानातली फुलं, 13व्यात पेरणारा माणूस, गव्हात उगवलेलं निदण, मोहरीचा दाणा. हे सगळं वावरात उभं राहून दिसणारं आहे. दिवा म्हणजे तेव्हा मातीचा, तळहातावर मावेल एवढा, जैतुनाच्या तेलावर जळणारा. आपल्याकडे वीज यायच्या आधी करंजीचं नाहीतर टोरीचं, म्हणजे मोहाच्या झाडाच्या बियांचं, तेल जाळायचे, तसंच ते. दिवा लावून कोणी मापाखाली ठेवत नाही असं तिथं म्हटलंय, अन् माप म्हणजे धान्य मोजायचं भांडं, म्हणजे आपली पायलीच समजा. पायलीखाली दिवा ठेवला तर काय होईल हे आपल्या गावात लहान लेकरालाही सांगावं लागत नाही, आधी अंधार होईल अन् मग दिवाही विझेल.

आता मराठीत कसं आलं. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी हे इंग्रज मिशनरी होते, त्यांनी 1805 मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. म्हणजे मराठीत जी पुस्तकं अगदी सुरुवातीला छापली गेली त्यात हे दिव्याचं वचन होतं! अन् त्यांना मराठी शिकवणारे, मदत करणारे पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. म्हणून मी त्या पोरीला म्हटलेलं उत्तर अर्धं म्हणतो, आणलं परदेशी माणसानं पण त्याला शब्द दिले आपल्याच माणसानं.

मग येतात स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचे, 1845 ला नागपुरात आले अन् मरेपर्यंत 18 वर्षं इथंच राहिले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, ते त्यांच्या मरणानंतर 1883 मध्ये सुरू झालं. पण मला त्यांचं जास्त आवडतं ते वेगळंच. हा माणूस शाळा चालवायचा, उपदेश करायचा अन् जाता येता दगड उचलून बघायचा. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना दगड झालेली जुनी शिंपलं, झाडांचे अवशेष सापडले, सोबती रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर भागाच्या भूगर्भावर लिहिलं, एका खनिजाला हिस्लोपाइट असं त्यांचं नावही आहे. गोंड लोकांची गाणी अन् शब्द त्यांनी लिहून घेतले, ते कागद त्यांच्या मागे 1866 मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापले. देवानं केलेली जमीन वाचणं अन् देवाचं पुस्तक वाचणं ही त्यांच्यासाठी दोन कामं नव्हती असं मला वाटतं, कारण शेवटच्या दिवशीही ते दोन्ही करत होते. 4 सप्टेंबर 1863, नागपूरजवळच्या टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं बघायला गेले, तिथली शाळा तपासली, संध्याकाळी घोड्यावर एकटे परत निघाले, नाल्याला पूर होता. घोडा परत आला, ते आले नाहीत. आपल्याकडचे नाले भाद्रपदात कसे चढतात हे माहीत असलेल्या माणसाला ही गोष्ट वाचताना गलबलून येतं.

तिसरं नाव तर घराघरात आहे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणात जन्मलेले, पण वळण लागलं ते आपल्या इकडे. नागपुरात काम करत होते, 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जाताना डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला, धर्मावर बोलणं झालं अन् त्यानं बायबलचा नवा करार हातात दिला. टिळक वाचत वाचत मत्तयाच्या 5व्या अध्यायापर्यंत आले अन् तिथंच खिळले. म्हणजे बघा, तोच डोंगरावरचा उपदेश, तोच दिवा. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, घर तुटलं, त्यांच्या बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात, अन् निसर्ग त्यांच्या लिहिण्यात आधीपासून होता, श्रद्धा बदलली म्हणून फुलं पाखरं सोडून दिली नाहीत. इंग्रजी चालीची भाषांतरं गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिले, टाळ-मृदंगावर म्हणता येतील असे. आजही आमच्याकडे उपासना संगीत, म्हणजे प्रार्थनेच्या गाण्यांचं पुस्तक, उघडलं की दर दोन-चार पानांमागे त्यांचं नाव येतं. मला तर वाटतं प्रकाशाचं हे वचन खऱ्या अर्थानं मराठी केलं ते टिळकांनी.

पण गाण्यानं एकट्यानं झालं नाही. 1896-97 अन् परत 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ पडले, मध्य प्रांत अन् वऱ्हाडात माणसं रस्त्यावर मरत होती, मिशनच्या लोकांनी अनाथ लेकरं गोळा केली, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन शेकडो मुलींना घेऊन गेल्या. आपल्यातल्या बऱ्याच घरांची वंशावळ तिथूनच सुरू होते. त्यावर आक्षेपही घेतले गेले, भुकेल्याला अन्न देऊन धर्म दिला असं लोक म्हणाले, अन् तो प्रश्न टाळून पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. माझं उत्तर मी परतवाड्याजवळ कोठाऱ्याच्या कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलकडे बघून देतो, जिथं ज्याला घरचे शिवत नव्हते त्याची जखम कोणीतरी रोज धुतली. आमच्या जिल्ह्यात उमरीचं मिशन हॉस्पिटल आहे, तिथं उपचार घेतलेले कितीतरी लोक कधी चर्चमध्ये आले नाहीत, कोणी या म्हटलंही नाही. यवतमाळात 1953 ला युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली, 1983 मध्ये ती पुण्याला गेली, तोपर्यंत देशभरातले पाळक इथं शिकले.

अन् ईस्टर पहाटेलाच का, तर शुभवर्तमानात बाया पहाटेच येशूच्या कबरेकडे गेल्या होत्या म्हणून. पण आपल्या रानात त्याला अजून एक अर्थ आहे. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून आपल्याकडे ती बहुतेक चैत्री पौर्णिमेच्या आसपास असते. पळस शेंदरी पेटून विझत आलेला असतो अन् मोह गळत असतो. मोहाचं फूल रात्री अन् पहाटे पडतं, उजाडायच्या आत वेचावं लागतं नाहीतर ढोरं अन् हरणं खातात. उतरता चंद्र वर असतो, त्याला स्वतःचा उजेड नाही, सूर्याचाच घेतलेला, पण वाट दिसायला पुरतो. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाबद्दल शुभवर्तमानात लिहिलंय ना, तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाची साक्ष द्यायला आला होता, ते मला दर वेळी त्या चंद्राकडे पाहून आठवते.

माझी आजी मोह वेचायला जायची. तिला वाचता येत नव्हतं. घरून निघायच्या आधी ती कंदील पेटवून नाल्याच्या उतारावरच्या बाभळीला टांगून यायची, कारण तिच्या मागून दुसऱ्या मोहल्ल्यातल्या बाया यायच्या, त्यांच्या डोक्यावर टोपली, कडेवर लेकरू, अन् तिथं दगड निसटते होते. त्यातली एकही आमच्या मंडळीतली नव्हती. ईस्टरच्या दिवशी ती मोह वेचून, ओल्या पायानं थेट प्रार्थनेला यायची अन् तिच्या पदराला मोहाचा वास असायचा. कंदील मात्र बाभळीलाच राहायचा, सगळ्या बाया परत आल्याशिवाय ती तो काढायची नाही.