राखेतला पेट्रोलचा अंश : जागेवरचा की मागाहून आलेला?

जळालेल्या जागेवरून उचललेल्या नमुन्यात ‘पेट्रोलजन्य द्रवाचा अंश आढळला’ असा प्रयोगशाळेचा अहवाल आला, की आग कोणीतरी लावली असा अर्थ बहुतेक जण तत्काळ काढतात. वास्तविक तो अंश आग लावणाऱ्याचा हात नसतानाही दोन वाटांनी येऊ शकतो. एक तर तो आगीपूर्वीपासून त्या जागेवर असतो किंवा तिथल्याच वस्तू जळताना तयार होतो. नाहीतर आग लागल्यानंतर, विझवणाऱ्यांच्या किंवा तपास करणाऱ्यांच्या हातून, तो आत शिरतो. दोन्हींना सरसकट ‘नमुना दूषित होता’ असे म्हटले जाते; माझ्या मते हा शब्द फक्त दुसऱ्या प्रकाराला लावावा.

समजा, कोल्हापुरात चपलांच्या एखाद्या दुकानामागची मालाची खोली जळाली. तिथे तळ चिकटवण्याचे सोल्यूशन असेल, तर त्यात टोल्युइनसारखी द्रावके असू शकतात. माल पाइन लाकडाच्या खोक्यांत आला असेल, तर त्या लाकडात टर्पेंटाइनमध्ये सापडणारी टर्पिन द्रव्ये निसर्गतःच असतात. पॉलिथिनच्या पिशव्या जळताना हायड्रोकार्बनची जी मालिका तयार होते, ती अननुभवी नजरेला रॉकेलची किंवा डिझेलची वाटू शकते. अशा वेळी नमुना शुद्ध असतो आणि द्रावकाचा अंश सांगणारा अहवालही खरा असतो. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. म्हणून त्याच खोलीच्या न जळलेल्या कोपऱ्यातून तीच फरशी, तेच लाकूड, तोच माल यांचा तुलनेसाठी वेगळा नमुना घ्यावा लागतो, आणि कोणता माल कुठे रचला होता याची नोंद पंचनाम्यात असावी लागते.

दुसऱ्या प्रकाराचे मूळ जळालेल्या मालात नसून नमुना उचलण्याच्या पद्धतीत असते. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपात किंवा जनरेटरमध्ये जळक्या जागेतच इंधन भरणे, एका खोलीत वापरलेले फावडे न धुता दुसऱ्या खोलीत नेणे, तेच हातमोजे घालून चार नमुने उचलणे, ही त्याची नेहमीची कारणे. साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून अशा द्रवांची वाफ आरपार जाते, त्यामुळे मुद्देमाल गाडीत इंधनाच्या कॅनशेजारी ठेवला तर वरचे लाखेचे सील शाबूत असूनही आतला नमुना बदललेला असू शकतो. घट्ट झाकणाचे कोरे पत्र्याचे डबे वापरण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. आगीच्या तपासासाठी जगभर आधाराला घेतली जाणारी एनएफपीए ९२१ ही अमेरिकी मार्गदर्शिकाही नमुन्यागणिक हातमोजे बदलायला आणि अवजारे स्वच्छ करायला सांगते. गर्दीचा प्रश्न वेगळा आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातले केशवराव भोसले नाट्यगृह जळू लागले तेव्हा नागरिक आणि कलावंत तिथे धावून गेले. त्या धावण्याला कोणी दोष देणार नाही, पण अशा कोणत्याही आगीनंतर आत कोण गेले आणि सोबत काय नेले, याची नोंद ठेवावीच लागते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण एका चुकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. तुलनेचा नमुनाही त्याच अस्वच्छ फावड्याने उचलला, तर दोन्ही डब्यांत पेट्रोल सापडेल, ‘हे इथले मूळचेच’ असे अनुमान निघेल आणि खरोखर लावलेली आगही अपघात ठरेल. मागाहून आलेला अंश ओळखण्यासाठी त्याच खेपेतला एक रिकामा डबा जागेवर उघडून, बंद करून नमुन्यांसोबत प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. स्वच्छ केलेले अवजार पुसलेला कापूस वेगळा पाठवला तर अधिक चांगले. रिकामा डबा नेमका कोणत्या टप्प्यावर उघडला हे लिहायचे मात्र अनेकदा राहून जाते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे, आणि घर आगीने नष्ट करण्याचा गुन्हा त्यात बसतो. अंश जागेवरचा की मागाहून आलेला, हे ओळखायला प्रयोगशाळेला आणखी एक खूण मिळते. आगीत सापडलेल्या पेट्रोलमधले हलके घटक आधी उडून जातात. तेव्हा तासन्‌तास जळलेल्या ढिगाऱ्यात ते सगळे जसेच्या तसे मिळाले, तर ते नंतर सांडले असावे असा संशय घेता येतो. पण फरशीच्या फटीत किंवा ओल्या मातीखाली मुरलेले पेट्रोल आगीतूनही बरेचसे तसेच राहू शकते, म्हणून नमुना पृष्ठभागावरचा होता की फटीतला, हे डब्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेले असल्याशिवाय या खुणेचा अर्थ लावता येत नाही.